अठ्ठावन्नाव्या वर्षी पायथॉन शिकतोय (सोलापूर)

हिशेबनीस_५८

नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहायला आज पहिल्यांदाच बसलो.

मी सोलापूरचा, राहायला साखर पेठेत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादर-टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. ३१ वर्षं झाली. गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास, म्हणजे संक्रांतीला, पायथॉन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकायला घेतली. आता श्रावण आला. इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं, घरीसुद्धा फक्त बायकोला माहीत होतं.

का घेतलं ते आधी सांगतो. आमच्याकडे विणकरांची मजुरी नगावर असते. कुठल्या मागावर कुठल्या मापाच्या किती चादरी निघाल्या, त्यात डागी किती, आधी उचल किती घेतली, हे सगळं वहीत लिहायचं आणि मग एक्सेलमध्ये चढवायचं. ती एक्सेलची फाईल फार पूर्वी कुणीतरी बनवली होती. तो माणूस सोडून गेला. मध्ये एक ओळ घातली की खालची सूत्रं सरकतात आणि सरकली हे कळतही नाही. गेल्या दिवाळीला ८.३३ टक्क्यांनी बोनस काढला, तेव्हा एका जुन्या विणकराचे पाच महिने बेरजेतून गळले. तो ऑफिसच्या दाराशी येऊन उभा राहिला. भांडला नाही, एवढंच म्हणाला, "साहेब, माझं काहीतरी कमी वाटतंय." मी त्याला कागद दाखवला आणि बरोबर आहे म्हणून परत पाठवला. दोन दिवसांनी चूक सापडली. पैसे दिले, माफीही मागितली. पण मी त्याला एकदा परत पाठवलं होतं हे मनातून जात नाही. तेव्हा ठरवलं की हा हिशेब कसा होतो ते पहिल्या ओळीपासून आपल्याला कळलंच पाहिजे.

शाळा मराठी माध्यमाची, पुढे बी.कॉम. कॉम्प्युटर म्हणजे एमएस-सीआयटी आणि टॅली, एवढंच. पहाटे पाच ते साडेसहा बसतो. पेठेतले माग सुरू व्हायच्या आत डोकं शांत असतं. पाणी येण्याचा दिवस असेल तर तेवढी सुट्टी.

पहिली मोठी ठेच अशी लागली. प्रोग्रॅमला दोन पाळ्यांचे नग विचारायला लावले. सकाळचे १२ दिले, रात्रीचे ५ दिले. उत्तर आलं १२५. एका मागावर दिवसाला १२५ चादरी निघतच नाहीत, त्यामुळे चुकलंय हे बघताक्षणी कळलं. का चुकलं हे कळायला मात्र चार दिवस गेले.

आता दोन अडचणी. एक, काही चुकलं की पायथॉनचे संदेश इंग्रजीत येतात आणि ती लाल अक्षरं बघून छातीत धस्स होतं. दोन, चष्मा दोन नंबरांचा आहे, त्यामुळे मान वर करून वाचावं लागतं आणि तासाभरात मानेला रग लागते. कुणी या वयात शिकलं असेल तर कसं जमवलं ते सांगा.

विजापूर_रोड

काका, मनापासून नमस्कार. मी मूळचा सोलापूरचा, चौदा वर्षं पुण्यात हेच प्रोग्रॅम लिहायचं काम करूलालोय.

१२५ चं कारण असं. तुम्ही कीबोर्डवरून जे देता ते पायथॉन मजकूर म्हणून घेतो, संख्या म्हणून घेत नाही. दोन मजकुरांची बेरीज म्हणजे ते एकापुढे एक ठेवणं. तुमच्या वहीत कुणी १२ च्या शेजारी चिकटून ५ लिहिला तर जे होईल तेच झालं. म्हणून आलेल्या मजकुराला आधी 'इंट' लावून त्याची संख्या करून घ्यायची. आणि एक गंमत सांगतो, 'इंट' देवनागरी आकडेही ओळखतं. विणकराने मोबाईलवरून मराठीत '१२' पाठवलं तरी त्याचे बारा होतात. प्रोग्रॅमच्या ओळीत मात्र तुम्ही स्वतः देवनागरी १२ लिहिलेत तर चालत नाही, तिथे इंग्रजी आकडेच लागतात.

लाल अक्षरं नेहमी खालून वर वाचा. चूक कुठल्या प्रकारची ते सगळ्यात शेवटच्या ओळीत असतं आणि तिच्या थोडं वर ओळीचा क्रमांक. बाकीचं पहिल्या वर्षी सोडून दिलं तरी चालेल. इंग्रजीची धास्ती घेऊ नका. पायथॉनचे स्वतःचे राखीव शब्द ३५ आहेत, बाकी नावं तुम्ही द्यायची. ती मराठीतही देता येतात. 'मजुरी', 'उचल', 'डागी' अशी नावं पायथॉन ३ मुकाट्याने घेतो.

आणखी एक, कारण यात नवीन माणसाचा हटकून एक आठवडा जातो. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून कोड उचलून चिकटवू नका. तिथे सरळ अवतरणचिन्हांची वाकडी होतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, पायथॉनला दिसतो. हाताने टाईप करा.

निवृत्त_बाई

मी ६३ वर्षांची, जुळे सोलापूरला राहते. ३४ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. हा धागा वाचून फार बरं वाटलं, कारण मला वाटत होतं आपल्या गावात या वयाची मी एकटीच.

मी नातीसाठी शब्दखेळ बनवायला म्हणून सुरुवात केली. पायथॉनला विचारलं, 'सोलापूर' या शब्दात अक्षरं किती? उत्तर आलं ७. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं की सो-ला-पू-र, चार. वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. 'चादर' विचारलं तर ४ आली, तिथे मी म्हणते तीन. मग एकेक अक्षर वेगळं छापून बघितलं. स सुटा, ओकार सुटा, ल सुटा, काना सुटा, प, ऊकार, र. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात काना, मात्रा, उकार हे सगळे स्वतंत्र मणी आहेत, आपण ते ओवून वाचतो. 'अक्कलकोट' मध्ये तर पाय मोडल्याचं चिन्हसुद्धा वेगळं मोजतो आणि उत्तर ८ येतं. व्याकरण शिकवणाऱ्या बाईला याहून चांगला धडा कुठे मिळणार! त्या दिवशी दुपारचं जेवण चार वाजता झालं.

पुढे शब्दांची अकारविल्हे यादी केली. ल नंतर लगेच ळ आला आणि मग व. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर येतो. युनिकोडच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या तक्त्यात तो ल च्या शेजारी बसवला आहे, म्हणून यंत्र तसं लावतं. मग वर्णमालेचा क्रम मीच लिहून दिला आणि त्याप्रमाणे लावायला सांगितलं. दोन आठवडे लागले. ज्या दिवशी ळ जागेवर गेला, त्या दिवशी नातीला फोन केला.

हिशेबनीस, मानेचं म्हणाल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगून फक्त कॉम्प्युटरच्या अंतराचा, एकाच नंबराचा वेगळा चष्मा करून घ्या. मी केला, रग थांबली. आणि कंट्रोल दाबून अधिकचं चिन्ह दाबलं की अक्षर मोठं होतं, ते न लाजता करा. शून्याच्या पोटात रेघ किंवा टिंब असलेला फॉन्ट निवडा, नाहीतर शून्य आणि ओ सारखेच दिसतात, तसंच एक आणि लहान एल.

कन्ना_चौक

वाचनखूण साठवली. बाईंचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी ४४ चा. युनिफॉर्मच्या शिलाईचा धंदा होता, बंद पडला. गेल्या वर्षी एका क्लासला ४५ हजार भरले. 'नोकरीची हमी' असं फलकावर होतं. तीन महिन्यांत स्लाईड दाखवल्या, प्रमाणपत्र दिलं, आता फोन उचलत नाहीत. पैसे बायकोने साठवलेले होते. म्हणून स्पष्ट विचारतो, चाळिशी-पन्नाशीनंतर शिकून नोकरी मिळते का? कुणी खोटा धीर देऊ नका.

विजापूर_रोड

खोटा धीर देत नाही. मी माणसं निवडायला बसतो. नवशिक्याच्या जागेसाठी ४४ वर्षांच्या माणसाचा अर्ज बहुतेक ठिकाणी पहिल्या चाळणीतच बाजूला पडतो. हे अन्यायाचं आहे, पण आहे. ज्याने हमी दिली त्याने तुम्हाला फसवलं. फीची पावती आणि त्या फलकाचा फोटो असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तिथे स्वतः उभं राहता येतं, वकील लागतोच असं नाही.

पण तुम्हाला युनिफॉर्म कळतो. इयत्तेप्रमाणे माप कसं बदलतं, एका ताग्यात किती शर्ट बसतात, जूनमध्ये कुठली मापं संपतात, हे माझ्यासारख्या चौदा वर्षं कोड लिहिणाऱ्याला माहीत नाही. सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे थोडे नाहीत आणि त्यातल्या कितीतरी जणांचा हिशेब अजून वहीतच आहे. एखाद्या ओळखीच्या कारखान्याला कापड किती मागवायचं हे काढणारी छोटी गोष्ट बनवून द्या. महिना लागेल, सुरुवातीला पैसे थोडे मिळतील. मला खरा वाटणारा रस्ता हाच आहे.

शिकायला पैसे घालू नका. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे, त्यात मराठी आवाजातले धडे आहेत. केंद्र सरकारच्या 'स्वयं' या संकेतस्थळावर एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीवाल्यांचे, अभ्यासक्रम फुकट ऐकता येतात, परीक्षा द्यायची असेल तरच फी. चांगला कॉम्प्युटर नसेल तर गूगल कोलॅब वापरा, त्यात पायथॉन ब्राउझरमध्येच चालतं.

जॅकार्डवाला

मी शिकत नाही, वय ७१. पण हिशेबनीस यांचं वाचून राहवलं नाही.

मी २६ वर्षं जॅकार्डची कार्डं पंच केली. नवीन लोकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. नक्षी आधी ग्राफच्या कागदावर चौकोन भरून काढायची. मग बाण्याच्या, म्हणजे आडव्या, एकेका धाग्यासाठी पुठ्ठ्याचं एकेक कार्ड. जिथे भोक तिथे हूक वर जातो आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलतो. जिथे भोक नाही तिथे धागा खाली. माळेत ओवलेली कार्डं फिरत राहतात आणि चादरीवर मोर उमटतो. एक भोक चुकलं की मोराच्या प्रत्येक डोळ्यात तीच चूक, कापड संपेपर्यंत.

ती शोधायची कशी? मागावर बसून डोकं खाजवून नाही. चादर उजेडात धरायची, काठापासून धागे मोजत यायचं, दोष कितव्या धाग्यावर आहे ते काढायचं आणि मग माळेतलं तेवढंच कार्ड हातात घ्यायचं. भोक जास्तीचं असेल तर कागद चिकटवून बुजवायचं, कमी असेल तर पाडायचं. सगळी माळ कधी बदलत नव्हतो.

माझा पुतण्या कॉम्प्युटरमध्ये आहे. त्याने सांगितलं की पूर्वी प्रोग्रॅमही अशाच भोकाच्या कार्डांवर आणि कागदी पट्ट्यांवर असायचे, आणि चुकीच्या भोकावर कागद चिकटवायचे त्यावरूनच आजचा 'पॅच' हा शब्द आला. फ्रान्समध्ये जॅकार्डने हा माग १८०४ च्या सुमारास आणला. त्याचीच कार्डं पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणितयंत्रासाठी घ्यायची ठरवली, आणि त्या यंत्रावर १८४३ मध्ये लिहिताना तिथल्याच गणितज्ञ एडा लव्हलेस यांनी जॅकार्डच्या मागाचा दाखला दिला. हे ऐकल्यावर मी माळ्यावरची जुनी चार कार्डं खाली काढून पुसून ठेवली.

माझं सांगणं एवढंच की हिशेबनीस, उत्तराकडून मागे मोजत या.

हिशेबनीस_५८

जॅकार्डवाला साहेब, तुमचा प्रतिसाद छापून टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. बाईंचा चष्म्याचा सल्ला आजच पाळतो.

नवीन_पेठेतला

काकांबद्दल आदर आहे, पण प्रामाणिकपणे एक शंका. आता एआयला मराठीत सांगितलं तरी तो अख्खा प्रोग्रॅम लिहून देतो. मी २३ चा आहे, मलाच प्रश्न पडतो की शिकून काय करायचं. मग ५८ व्या वर्षी हा खटाटोप का?

हिशेबनीस_५८

प्रश्न चांगला विचारलास बाळा, मलाही पडला होता. म्हणून मध्यंतरी करून बघितलं. पीएफ काढायचा प्रोग्रॅम मागितला. पटकन लिहून दिला, माझ्यापेक्षा कितीतरी नीटनेटका. मी त्यात महिन्याचे आकडे घातले आणि जुन्या वहीशी एकेक टिक करत गेलो. एका माणसाचा एक रुपया जुळेना.

त्याचा पगार ८,५८७ रुपये ५० पैसे. १२ टक्के म्हणजे १,०३० रुपये ५० पैसे. पीएफचा नियम असा की पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया धरायचा, म्हणजे १,०३१. प्रोग्रॅमने १,०३० काढले. मी रात्री जॅकार्डवाल्या साहेबांनी सांगितल्यासारखा मागे मोजत गेलो आणि एका शब्दावर येऊन थांबलो, 'राउंड'. पायथॉन ३ मधलं राउंड बरोबर अर्ध्यावर आलं की जवळची सम संख्या घेतं. अडीचचे दोन करतं, साडेतीनचे चार करतं. ही त्याची चूक नाही, मोठ्या बेरजांत एकाच बाजूला झुकाव राहू नये म्हणून तशी रीत ठेवली आहे. पण आमचा नियम वेगळा आहे. एआयने नियम विचारला नाही आणि मीही सांगितला नव्हता, कारण सांगायचा असतो हेच मला माहीत नव्हतं.

एक रुपया म्हणून सोडून देता आला असता. पण दाराशी उभा राहिलेला तो विणकर मला दिसतो. आकडा चुकलाय हे मला ३१ वर्षांच्या सवयीने कळलं, आणि कुठे चुकलाय हे या सहा महिन्यांच्या पहाटांमुळे. तुझं वय २३ आहे. एआयने लिहिलेलं वाचायला तरी शीक, अशी माझी कळकळीची विनंती.

विजापूर_रोड

काका, हे मी आमच्या टीमला वाचून दाखवलं. माझ्या हाताखालच्या दोघांना राउंडचं हे माहीत नव्हतं.

उपाय सांगतो. रुपयात काम करूच नका, सगळं पैशात ठेवा, पूर्ण संख्येत. ८,५८७.५० म्हणजे ८,५८,७५० पैसे. त्याला १२ ने गुणून १०० ने पूर्ण भागाकार करा, म्हणजे बाकी सोडून द्यायची, १,०३,०५० पैसे आले. त्यात ५० मिळवा आणि १०० ने पूर्ण भागाकार करा, १,०३१. दशांश चिन्ह मध्ये आलंच नाही. कॉम्प्युटर दशांश अपूर्णांक आतून दोनाच्या घातांत ठेवतो, त्यामुळे ०.१ आणि ०.२ ची बेरीज तो नेमकी ०.३ सांगत नाही, शेपटाला बारीकसं काहीतरी राहतं. पैशाच्या हिशेबात ती शेपटी नको.

निवृत्त_बाई

पैशात हिशेब! आमचे वडील आणे-पै सगळं पैमध्ये मोडून मग बेरीज करायचे, त्याची आठवण झाली.

जपानच्या मासाको वाकामिया या बाईंबद्दल कुणी वाचलंय का? बँकेत नोकरी, साठीच्या सुमारास कॉम्प्युटर घेतला, आणि २०१७ मध्ये ८१ व्या वर्षी आयफोनसाठी स्वतःचा खेळ बनवला. त्यांच्याकडच्या बाहुल्यांच्या सणात बाहुल्या कुठल्या पायरीवर मांडायच्या, त्यावरचा. घरातली परंपरा माहीत होती म्हणून तो खेळ सुचला. मी नातीला सांगितलंय, भोंडल्याची गाणी क्रमाने लावायचा खेळ दिवाळीच्या आत करणार.

कन्ना_चौक

विजापूर रोड, ग्राहक आयोगात तक्रार दिली. पावती होती. दुसरं, एका ओळखीच्या युनिफॉर्मवाल्याकडे बसून इयत्तेप्रमाणे मापांचा तक्ता उतरवून आणला. पहिली ते दहावी, शर्ट आणि पॅन्ट. कापडाचं गणित मला तोंडपाठ आहे, प्रोग्रॅममध्ये घालताना अडलं तर इथेच विचारीन.

हिशेबनीस_५८

जरूर विचारा, सगळे मिळून बघू.

माझी एक नवीन अडचण. ज्या विणकराचं मी वर लिहिलं, त्याला मराठी बोलता येतं पण वाचायला तेलुगूच येतं. सोलापूरच्या पूर्व भागातले बरेच जण तसे आहेत. मजुरीची चिठ्ठी तेलुगूत द्यायची म्हणतोय. नावं आणि मथळे एका सहकाऱ्याकडून तेलुगूत टाईप करून घेतले. फाईल लिहिताना प्रोग्रॅम थांबतो, आणि पीडीएफ बनवली तर सगळे चौकोन येतात.

विजापूर_रोड

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोजवर फाईल उघडताना 'एन्कोडिंग' म्हणून 'यूटीएफ-८' असं स्वतः लिहून द्या, प्रोग्रॅम थांबायचा थांबेल. चौकोन येतात कारण पीडीएफमध्ये तेलुगू फॉन्टच नाही, आणि फॉन्ट दिला तरी जोडाक्षरं सुटी पडतील. थेट पीडीएफ करूच नका. चिठ्ठी एचटीएमएल, म्हणजे वेबपानाच्या, फाईलमध्ये लिहा, ब्राउझरमध्ये उघडा आणि तिथून छापा. जोडाक्षरं जोडायचं काम ब्राउझर चोख करतो.

हिशेबनीस_५८

झालं. शनिवारी ३८ चिठ्ठ्या छापल्या. वहीशी सगळ्या ताडून बघितल्या, पैचाही फरक नाही.

त्याला त्याची चिठ्ठी दिली. त्याने चष्मा लावला, स्वतःचं नाव वाचलं आणि मग प्रत्येक ओळीवर बोट ठेवत खाली आला. सोमवारच्या ओळीवर थांबला. सकाळचे १२, रात्री बदलीवर केलेले ५. ओठातल्या ओठात "पदिहेडु" म्हणाला. तेलुगूत सतरा. मग चिठ्ठीची चौकोनी घडी करून खिशात ठेवली आणि मागावर गेला.

बोनसचा भाग अजून बाकी आहे, दिवाळीच्या आत करायचाय. उद्या पाणी आहे, परवा पहाटे बसतो आणि अडलेलं लिहितो.